कार्ब्युरेटर समायोजन

पेट्रोल एंजिनाला लागणारे हवा व पेट्रोल यांचे मिश्रण तयार करून देणाऱ्या साधनाला कार्ब्युरेटर म्हणतात. त्यातील पेट्रोलची पातळी, जेट (ठरावीक मापाचे बारीक भोक पाडलेले पितळी पेच), सुई व स्क्रू यांची वाहन, हवामान व इंधन यांना अनुरूप जुळणी करणे म्हणजे कार्ब्युरेटर समायोजन होय. गॅरेजमध्ये याला ‘ट्यूनिंग’ किंवा ‘सेटिंग’ म्हणतात. शर्यतीच्या वाहनात महत्तम शक्ती मिळविणे हे समायोजनाचे उद्दिष्ट असते. रस्त्यावरील नेहमीच्या वाहनात मात्र एंजिन लगेच सुरू होणे, वाहन उभे असताना ते संथपणे चालत राहणे, गती वाढविताना धक्का न बसणे, पेट्रोल कमी लागणे व निष्कास वायू (धुराड्यातून बाहेर पडणारे वायू) शक्य तितके कमी अपायकारक असणे या गोष्टी साधावयाच्या असतात. प्रस्तुत नोंदीत या दुसऱ्या प्रकारच्या समायोजनाचा विचार केला आहे.

भारतात १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज-६’ ही मानके लागू झाल्यावर नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ नाहीसा झाला. मोटारगाड्यांत त्याची जागा इंधन-अंतःक्षेपण पद्धतीने (इंधन दाबाखाली फवारण्याच्या पद्धतीने) त्याआधीच घेतली होती. तथापि तत्पूर्वी बनलेल्या दुचाकी ग्रामीण महाराष्ट्रात अद्याप मोठ्या संख्येने वापरात आहेत. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेता येईल. ज्वारीसाठी प्रसिद्ध असलेल्या काळ्या जमिनीच्या या कोरड्या प्रदेशात खेड्यातून तालुक्याला, तेथून सुमारे २५ किमी.वरील पंढरपूरला किंवा सुमारे ५५ किमी.वरील सोलापूरला जाण्यासाठी दुचाकी हे नित्याचे वाहन आहे. कडक उन्हाळा, धूळ, बाजारपेठेतील व वारीच्या दिवसांतील गर्दीत करावे लागणारे मंद चालन आणि एथेनॉलमिश्रित पेट्रोल ही समायोजन बिघडविणारी कारणे येथे एकत्र आढळतात.

इतिहास : कार्ल बेंट्स यांच्या १८८६ सालच्या मोटारगाडीत पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा नेऊन तिच्यात इंधनाची वाफ मिसळली जाई. अशा साधनात मिश्रणाचे प्रमाण हवेच्या तापमानाप्रमाणे व पेट्रोलच्या ताजेपणाप्रमाणे बदलत राही. जर्मनीत व्हिल्हेल्म माय्‌बाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका यांनी १८९३ च्या सुमारास पेट्रोलचा फवारा करणारे कार्ब्युरेटर पुढे आणले. पुढील शतकभर वापरात असलेले बहुतेक कार्ब्युरेटर याच तत्त्वाचे होत. महाराष्ट्रात मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात बनणारी प्रीमियर पद्मिनी ही मोटारगाडी आणि पुण्याजवळील आकुर्डी येथील कारखान्यातून १९७२ पासून बाहेर पडू लागलेली बजाज चेतक ही स्कूटर यांच्यावर कारागिरांच्या दोन पिढ्या हे काम शिकल्या. पद्मिनीचा सोलेक्स आणि चेतकचा स्पाको हे कार्ब्युरेटर डोळे झाकून खोलता व जोडता येणारे मिस्त्री एके काळी गावोगावी होते.

तत्त्व व रचना : पेट्रोलचे पूर्ण ज्वलन होण्यास १ किग्रॅ. पेट्रोलमागे सुमारे १४.७ किग्रॅ. हवा लागते. पेट्रोल याहून जास्त असल्यास मिश्रण समृद्ध व कमी असल्यास विरल होते. सर्वाधिक शक्ती १२ ते १३ : १ या काहीशा समृद्ध मिश्रणापासून, तर सर्वाधिक काटकसर १५ ते १६ : १ या विरल मिश्रणापासून मिळते. मंद चालीत (वाहन उभे असून एंजिन रिकामे चालत असताना) सिलिंडरात जळालेल्या वायूचा बराच अंश मागे राहतो. त्यामुळे नवे मिश्रण पातळ होते व ते पेटावे म्हणून ११ ते १२.५ : १ इतके समृद्ध द्यावे लागते. थंड एंजिन सुरू करताना पेट्रोलचे नीट बाष्पीभवन होत नसल्याने याहूनही पुष्कळ समृद्ध मिश्रण लागते. त्यासाठी चोक असतो. म्हणजे एकाच एंजिनाला निरनिराळ्या वेळी निरनिराळे मिश्रण हवे असते व कार्ब्युरेटरची सर्व गुंतागुंत यातून उद्‌भवलेली आहे.

एंजिनाने ओढलेली हवा व्हेंचुरीतून (मध्ये आकुंचित असलेल्या नळीतून) जाताना तिचा वेग वाढतो व दाब कमी होतो. शेजारच्या पेट्रोलच्या कप्प्यातील दाब बाहेरील हवेइतका असतो, त्यामुळे पेट्रोल जेटमधून चढून हवेच्या झोतात फवारले जाते. कप्प्यातील पातळी प्लव (तरंगणारा पोकळ डबा, कारागिरांचा ‘फ्लोट’) व त्याने उघडझाप होणारी सुईझडप यांच्यामुळे स्थिर राहते. किती मिश्रण आत जावे हे थ्रॉटल झडपेने ठरते. ही झडप दुचाकींत बहुधा वर सरकणाऱ्या नळकांड्याच्या रूपाची व मोटारगाडीत फिरणाऱ्या चकतीच्या रूपाची असते. थ्रॉटल जवळजवळ बंद असताना व्हेंचुरीतील ओढ अगदीच क्षीण असते, म्हणून मंद चालीसाठी स्वतंत्र बारीक मार्ग, स्वतंत्र जेट (पायलट किंवा स्लो जेट) व मिश्रणाचा स्क्रू ठेवलेला असतो. सरकत्या थ्रॉटलच्या कार्ब्युरेटरात थ्रॉटल सुमारे एक अष्टमांश उघडेपर्यंत मंद चालीचा मार्ग, पुढे एक चतुर्थांशापर्यंत थ्रॉटलच्या खालच्या कडेचा तिरपा काप, तेथून तीन चतुर्थांशापर्यंत निमुळती सुई आणि त्यापुढे मुख्य जेट असा अंमल चालतो. या मर्यादा एकमेकींत मिसळलेल्या असतात. [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन].

यावरून रस्त्यावरील समायोजनाची एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट होते. १०० घ. सेंमी.ची मोटारसायकल सपाट रस्त्यावर ताशी ४० किमी. वेगाने जात असताना तिला आपल्या शक्तीचा अल्प भागच लागतो व थ्रॉटल एक चतुर्थांशाच्या आसपास उघडलेला असतो. गावातील चालनात तो याहूनही कमी उघडतो. म्हणजे अशा वाहनाचे बहुतेक आयुष्य मंद चालीच्या मार्गावर, कापावर आणि सुईच्या पहिल्या भागावर जाते. मुख्य जेटचा पूर्ण अंमल क्वचितच येतो. असे असूनही गाडी ‘ॲव्हरेज देत नाही’ अशी तक्रार आली की, मुख्य जेट बारीक करण्याचा किंवा त्यात तांब्याची तार अडकविण्याचा प्रघात होता व काही ठिकाणी आजही आहे. त्यामुळे पेट्रोलची बचत नगण्य होते आणि चढावर किंवा भरधाव वेगात, म्हणजे एंजिन सर्वाधिक तापते नेमक्या त्या वेळी, मिश्रण विरल होते. दोन धावांच्या (टू स्ट्रोक) एंजिनात ही गोष्ट दट्ट्या अडकून एंजिन ‘जाम’ होण्यास पुरेशी ठरते.

समायोजनापूर्वीची तपासणी : कार्ब्युरेटरचा दोष वाटणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचे मूळ अन्यत्र असते. म्हणून स्क्रूला हात लावण्यापूर्वी हवा-गाळणी (एअर फिल्टर) स्वच्छ आहे, ठिणगी-गुडदीतील (स्पार्क प्लगमधील) फट व ठिणगीची वेळ बरोबर आहे, झडपांची फट उत्पादकाने दिल्याप्रमाणे आहे, चोक पूर्ण मिटतो आणि थ्रॉटलच्या तारेत थोडी सैल जागा आहे, हे पाहावे लागते. कार्ब्युरेटर व एंजिन यांमधील रबरी जोड तडकला असल्यास तेथून जादा हवा आत शिरते. मंद चाल कधी चढते, कधी पडते व कोणत्याही स्क्रूने ती स्थिर होत नाही. जेटमध्ये साचलेला राळेसारखा थर विद्रावकाने व दाबाच्या हवेने काढतात. तार घालून जेट साफ करणे चुकीचे होय, कारण मिमी.च्या शंभराव्या भागात मोजले जाणारे भोक तारेने सहज मोठे होते.

यानंतर प्लवाची पातळी पाहतात. पातळी वाढल्यास सर्वच मार्गांतून पेट्रोल सुलभतेने चढते व मिश्रण सर्व गतींत समृद्ध होते. कमी झाल्यास सर्व गतींत विरल होते. पातळी चुकीची असताना केलेले पुढील सर्व समायोजन व्यर्थ ठरते. सुईझडपेच्या टोकाला झिजल्याने कडे पडले असल्यास ती बदलणे हाच उपाय असतो.

मंद चालीचे समायोजन : हे काम एंजिन चालण्याच्या तापमानाला पोहोचल्यावरच करतात, म्हणजे वाहन पाच-सहा किमी. चालवून आणल्यानंतर. प्रथम मिश्रणाचा स्क्रू कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखणे आवश्यक असते. स्क्रू थ्रॉटलच्या हवा-गाळणीकडील बाजूस असल्यास तो सामान्यतः हवेचे नियंत्रण करतो व बाहेर काढल्यास मिश्रण विरल होते. तो एंजिनाकडील बाजूस असल्यास तयार मिश्रणाचे नियंत्रण करतो व बाहेर काढल्यास मिश्रण समृद्ध होते. या दोहोंतील गल्लत हे फसलेल्या समायोजनाचे सर्वांत सामान्य कारण म्हणता येईल.

स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत बसवून (जोर दिल्यास त्याचे निमुळते टोक व बैठक कायमची बिघडते) सुमारे दीड फेरा बाहेर काढतात व एंजिन सुरू करून थ्रॉटल अडविणाऱ्या स्क्रूने मंद चाल नेहमीपेक्षा किंचित जास्त ठेवतात. मग मिश्रणाचा स्क्रू एका वेळी पाव फेरा फिरवून प्रत्येक वेळी काही सेकंद थांबतात. एका विशिष्ट जागी एंजिनाची गती सर्वांत जास्त व आवाज सर्वांत एकसारखा होतो. त्याच्या दोन्ही बाजूंना गती घटते : विरल बाजूस ठोके चुकतात व गती वरखाली होते, समृद्ध बाजूस आवाज जड होतो व धूर दिसतो. सर्वाधिक गतीची जागा सापडल्यावर अडविणाऱ्या स्क्रूने मंद चाल उतरवितात व पुन्हा मिश्रणाचा स्क्रू तपासतात. दोन-तीन आवर्तनांत दोन्ही स्क्रू परस्परांना जुळतात. लहान चार धावी मोटारसायकलीची मंद चाल साधारण मिनिटास १,३०० ते १,४०० फेरे असते. ऐकणाऱ्याचा कान तयार असेल, तर गतिमापक नसतानाही हे काम चांगले होते. मात्र गोंगाटाच्या रस्त्याकडेला ते करणे टाळलेले बरे.

सर्वोत्तम जागा अर्ध्या फेऱ्याच्या आत सापडल्यास पायलट जेट गरजेपेक्षा लहान किंवा मोठे असते (ते कोणते हे स्क्रूच्या प्रकारावरून ठरते), तीन फेऱ्यांपलीकडे सापडल्यास त्याच्या उलट असते. कोणत्याही जागी गतीत फरक पडत नसल्यास मार्ग तुंबलेला असतो.

सुई, मुख्य जेट व रस्त्यावरील चाचणी : मंद चाल जुळल्यावर वाहन रस्त्यावर नेऊन थ्रॉटल हळूहळू उघडून पाहतात. उघडताना क्षणभर एंजिनाचा दम तुटला व चोक किंचित ओढल्यावर सुधारला, तर मिश्रण तेथे विरल आहे. चोकने आणखी बिघडल्यास समृद्ध आहे. बऱ्याच मोटारसायकलींत सुईच्या वरच्या टोकाला खाचा असून त्यांपैकी एकीत क्लिप बसविलेली असते. क्लिप वरच्या खाचेत घातल्यास सुई खाली उतरते व मिश्रण विरल होते. खालच्या खाचेत घातल्यास समृद्ध होते. एका वेळी एकच खाच बदलून पुन्हा चाचणी घ्यावयाची असते. चेतकच्या कार्ब्युरेटरला अशी सुई नाही. तेथे मुख्य जेट, त्यावरील मिश्रण-नळी व हवेचे जेट या एकावर एक बसणाऱ्या तीन भागांवर हा अंमल अवलंबून असतो व उत्पादकाने ठरविलेली मापे बदलण्याचे सहसा प्रयोजन पडत नाही.

मुख्य जेटची परीक्षा ठिणगी-गुडदीवरून करतात. चढावर थ्रॉटल पूर्ण उघडून काही अंतर गेल्यावर तत्क्षणी क्लच दाबून एंजिन बंद करतात व गुडदी काढून पाहतात. निरोधकाचा (पांढऱ्या चिनी मातीच्या भागाचा) रंग फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य, कोरडी काजळी असल्यास समृद्ध व राखेसारखा पांढरा असल्यास विरल समजतात. मंद चालीत दहा मिनिटे उभ्या असलेल्या वाहनाची गुडदी पाहून मुख्य जेटविषयी मत देणे निरर्थक असते.

मोटारगाडीच्या कार्ब्युरेटरात थ्रॉटल झटकन उघडल्यावर पेट्रोलची लहान पिचकारी सोडणारा पंप असतो. हवा हलकी असल्याने तत्काळ आत धावते, पेट्रोल जड असल्याने मागे राहते. ती तूट हा पंप भरून काढतो. त्याचा पडदा फाटल्यास गाडी जागेवरून निघताना अडखळते व हा दोष मंद चालीच्या स्क्रूने कधीही जात नाही.

हवामान व उंची : कार्ब्युरेटर हवा घनफळाने मोजतो, ज्वलनाला मात्र तिचे वजन महत्त्वाचे असते. हवेची घनता घटल्यास पेट्रोल त्या मानाने कमी घटते व मिश्रण समृद्ध होते. ही समृद्धी घनतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. मंगळवेढ्यात मे महिन्यात दुपारचे तापमान ४२° से.पर्यंत चढते, तेव्हा हवेची घनता हिवाळ्यातील १५° से.च्या पहाटेपेक्षा सुमारे ९ टक्के कमी असते. त्यामुळे मिश्रण ४ ते ५ टक्के समृद्ध होते. पहाटे जुळविलेली मंद चाल दुपारी जड वाटते याचे कारण हे होय. मुंबईत समुद्रसपाटीला जुळविलेले वाहन सुमारे ५०० मी. उंचीच्या पठारावर आणल्यास २ ते ३ टक्के, तर सुमारे १,३५० मी. उंचीच्या महाबळेश्वरला नेल्यास ६ ते ७ टक्के फरक पडतो. पठारावरील फरक मिश्रणाच्या स्क्रूने भरून निघतो. सहलीसाठी घाट चढणाऱ्याने जेट बदलण्याच्या खटाटोपात पडू नये. कायम वास्तव्य असेल तरच ते करणे योग्य ठरते.

उन्हाळ्यात मोटारगाड्यांना आणखी एक त्रास होई. एंजिनाच्या उष्णतेने पंपात व नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटे. पंपावर ओले फडके ठेवून गाडी पुन्हा चालू करणारे चालक सोलापूरच्या रस्त्यावर एके काळी नेहमी दिसत. हा कार्ब्युरेटरच्या समायोजनाचा दोष नव्हे.

धुळीचा परिणाम अधिक टिकाऊ असतो. गाळणी तुंबल्याने व्हेंचुरीतील ओढ वाढते. पेट्रोलच्या कप्प्याचा वायुमार्ग बाहेरील हवेत उघडत असल्यास मिश्रण समृद्ध होऊन काजळी धरते. तुंबलेली गाळणी काढून टाकून वाहन चालविणे हा त्यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास मिश्रण एकदम विरल होते आणि काळ्या रानातील धूळ सिलिंडराच्या भिंती व दट्ट्याची कडी घासून काढते. उन्हाळ्यात कच्च्या रस्त्यावर फिरणाऱ्या वाहनाची गाळणी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीच्या निम्म्या मुदतीत साफ करणे इष्ट ठरते.

एथेनॉलमिश्रित पेट्रोल : उसापासून व धान्यापासून बनविलेले एथेनॉल (एथिल अल्कोहॉल) पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण भारतात २०२२ मध्ये सरासरी १० टक्क्यांवर व २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा असून मंगळवेढा तालुक्यातही कारखानदारी आहे. त्यामुळे येथील शेतकऱ्याच्या दृष्टीने हे धोरण लाभाचे आहे. त्याच शेतकऱ्याच्या जुन्या मोटारसायकलीच्या दृष्टीने मात्र प्रश्न निराळा आहे. एथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असल्याने त्याला ज्वलनास वजनाच्या केवळ नऊ पट हवा लागते. २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट हवा पुरते. निष्कासातील ऑक्सिजन मोजणाऱ्या अंतःक्षेपण पद्धतीला हा फरक कळतो व ती पेट्रोल वाढविते. कार्ब्युरेटरला तो कळत नाही. शुद्ध पेट्रोलसाठी जुळविलेला कार्ब्युरेटर नव्या इंधनावर सुमारे ८ टक्के विरल चालतो. मंद चाल डळमळणे, थंडीत सुरू होण्यास वेळ लागणे, थ्रॉटल उघडताना अडखळणे व एंजिन अधिक तापणे ही लक्षणे त्यातून संभवतात.

पहिला उपाय मिश्रणाच्या स्क्रूचा व सुईच्या एका खाचेचा असतो. त्याने भागत नसल्यास मोठे मुख्य जेट बसवितात. जेटवरील अंक भोकाचा व्यास मिमी.च्या शंभराव्या भागांत दर्शवीत असल्यास १०० ऐवजी १०४ अंकाच्या जेटचे क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के वाढते व तूट भरून निघते. (काही उत्पादकांचे अंक व्यासाचे नसून प्रवाहाचे असतात, हे ध्यानात ठेवणे जरूर आहे.) इतके करूनही दर लिटरमागील अंतर काहीसे घटतेच, कारण एथेनॉलच्या एका लिटरमधील ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश असते. ही घट समायोजनाने टाळता येत नाही. ती टाळण्याच्या हेतूने मिश्रण आणखी विरल करणे एंजिनाला घातक ठरते. जुन्या वाहनांतील रबरी नळ्या व चकत्या एथेनॉलने फुगतात किंवा चिरतात, त्या बदलाव्या लागतात.

निष्कास वायू : मिश्रण समृद्ध असल्यास रंग व वास नसलेला विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये मंद चालीतील या वायूच्या मर्यादा ठरविलेल्या आहेत. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना ही मर्यादा घनफळाच्या ४.५ टक्के व त्यानंतरच्या दुचाकींना ३.५ टक्के अशी आहे. अलीकडील मानकांच्या वाहनांना ती याहून कडक आहे. चांगल्या जुळलेल्या चार धावी दुचाकीला जुनी मर्यादा पाळणे अवघड नसते. प्रमाणपत्रापुरता स्क्रू विरल बाजूस फिरवून नंतर पूर्ववत करण्याचा प्रकार आढळतो. त्यात आकडा तेवढा सुधारतो, वाहन सुधारत नाही. समायोजन नेहमी उघड्या जागेत करतात. दार लावलेल्या खोलीत चालू ठेवलेले एंजिन काही मिनिटांत प्राणघातक ठरू शकते.

दोन धावांच्या ज्या वाहनांत वंगणतेल पेट्रोलमध्येच मिसळतात (चेतकमध्ये २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलि.), त्यांत विरल मिश्रण म्हणजे वंगणाचीही तूट. लांब उतारावर थ्रॉटल मिटवून गिअरमध्ये उतरताना एंजिन वेगाने फिरते, पण तेल जवळजवळ मिळत नाही. अशा वेळी मधूनमधून थ्रॉटल थोडा उघडण्याची जुन्या चालकांची सवय शास्त्रशुद्ध होती. वाहन महिनाभर उभे राहणार असल्यास पेट्रोलची तोटी बंद करून कप्प्यातील पेट्रोल तळाच्या स्क्रूतून काढून टाकतात. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेत असल्यामुळे पावसाळ्यात ही दक्षता अधिक आवश्यक असते. अन्यथा तळाशी पाणी साचून प्रथम पायलट जेट बुजते.